न लिहिलेली ओळ

[दृश्य : काळ्या पडद्यावर कोडच्या मोजक्या ओळी]

हा कोड जरा नीट बघा. ऑयलर फायनान्स हा एथेरियम या ब्लॉकचेनवरचा, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक डिजिटल वहीवरचा, ठेवी-कर्जांचा प्रकल्प. त्यातलं हे एक छोटं फंक्शन. खातेदाराला आपल्या ठेवीतली रक्कम प्रकल्पाच्या गंगाजळीला दान करायची असेल, तर ती त्याच्या खात्यातून वजा करायची आणि गंगाजळीत जमा करायची, एवढंच याचं काम. खात्यात तेवढी शिल्लक आहे का, हे तपासलेलं आहे. वजाबाकी बरोबर आहे, बेरीजही बरोबर आहे.

पण दान दिल्यावर या खातेदाराच्या कर्जाला पुरेसं तारण उरतं का, हे विचारणारी ओळ इथे नाही. त्या एका ओळीपायी 13 मार्च 2023 रोजी ऑयलरमधून सुमारे 19 कोटी 70 लाख डॉलर गेले.

कसे गेले, ते एका व्यवहारात पाहू. हल्लेखोराने आधी 3 कोटी डाय उसने घेतले. डाय हे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं. हे उसने पैसे फ्लॅश लोनचे, म्हणजे त्याच व्यवहारात घ्यायचे आणि त्याच व्यवहारात फेडायचे. त्यातले 2 कोटी त्याने ऑयलरमध्ये ठेवले. ऑयलरमध्ये ठेवीच्या जवळपास दहापट कर्ज उचलून तेच पुन्हा ठेव म्हणून दाखवता येत असे. त्याने ते दोनदा केलं. मग ठेवीतले 10 कोटी सरळ गंगाजळीला दान केले.

आता त्याचं कर्ज तारणापेक्षा मोठं झालं. खातं बुडीत निघालं, तेही त्याने स्वतःच्या हाताने बुडवलेलं. बुडीत खात्याचं कर्ज जो अंगावर घेईल, त्याला ऑयलर तारण सवलतीत देत असे. ते घ्यायला त्याचंच दुसरं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम, तयार उभं होतं. शेवटी 3 कोटी फेडून हातात सुमारे 89 लाख उरले. हे सगळं एकाच व्यवहारात. एथेरियमवर दर 12 सेकंदांनी नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा, येतो. मध्ये पडून कोणी थांबवावं, एवढाही अवधी नसतो. मग हाच डाव त्याने दुसऱ्या नाण्यांवर लावला.

[दृश्य : ऑडिट अहवालांची मुखपृष्ठं, एकामागून एक]

साहजिकच मनात येतं, ऑडिट केलं नव्हतं का? केलं होतं. सहा कंपन्यांनी, दोन वर्षांत, दहा वेळा.

ऑडिट म्हटलं की आपल्याला पतसंस्थेच्या दारावरची पाटी आठवते, ‘ऑडिट वर्ग अ’. ते ऑडिट झालेल्या वर्षाच्या हिशेबाचं. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचं ऑडिट मात्र अजून न घडलेल्या गोष्टींचं असतं. तपासणारी माणसं कोड ओळीओळीने वाचतात, मुद्दाम वेडेवाकडे आकडे घालून पाहतात आणि चोर इथून शिरेल का, असा विचार करतात. हे डोकं पिळवटणारं काम आहे, आणि त्याने किती चोऱ्या टळल्या हे कोणाला कधीच दिसत नाही. त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण ते वाचतात तो कोड ठरावीक दिवसाचा असतो. दानाचं हे फंक्शन ऑयलरमध्ये मुळात नव्हतंच. एका प्रामाणिक हॅकरने एक लहानशी चूक दाखवून दिली, आणि ती दुरुस्त करताना जुलै 2022 मध्ये हे फंक्शन आलं. आधीच्या अहवालांत ते सापडणार कुठून? दुरुस्तीचीही तपासणी झाली होती, तेव्हा ही उणीव नजरेतून सुटली. शेरलॉक या तपासणी करणाऱ्या आणि विमाही देणाऱ्या कंपनीने ती चूक जाहीरपणे मान्य केली आणि 45 लाख डॉलरचा विमा दावा मंजूर केला. मला हे फार मोलाचं वाटतं.

[दृश्य : अहवालाचं आतलं पान, बोट एका ओळीवर]

म्हणून कोणी ‘आमचं ऑडिट झालंय’ म्हणालं, की मी आधी हे पान उघडतो. इथे तपासलेल्या फाइलींची यादी असते आणि कोडची नेमकी आवृत्ती सांगणारी अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ असते. आज लोकांचे पैसे ज्या कोडमध्ये आहेत तो हाच का, हे इथे कळतं. मग सापडलेल्या चुका, आणि प्रत्येकीपुढे शेरा. ‘फिक्स्ड’ म्हणजे दुरुस्त केली. ‘अ‍ॅक्नॉलेज्ड’ म्हणजे चूक कळली, पण कोड आहे तसाच ठेवला. हा दुसरा शेरा गंभीर चुकीपुढे दिसला, तर तिथे पैसे ठेवण्याआधी त्याचं कारण विचारा. नाणं विकणारे फक्त मुखपृष्ठ दाखवतात, याचा मला राग येतो.

आणि काही गोष्टी या पानावर नसतातच. जुलै 2024 मध्ये भारतातल्या वझीरएक्स या क्रिप्टो नाण्यांच्या बाजाराच्या वॉलेटमधून, म्हणजे डिजिटल तिजोरीतून, सुमारे 23 कोटी डॉलर गेले. ते वॉलेट अनेकांच्या सह्यांशिवाय उघडत नव्हतं. सह्या खऱ्या होत्या. पण वझीरएक्सच्या म्हणण्याप्रमाणे पडद्यावर दिसत होतं एक आणि सही होत होती दुसऱ्यावरच.

[दृश्य : ब्लॉकचेनवरच्या व्यवहारांची यादी, त्यात एक संदेश]

ऑयलरच्या हल्ल्यानंतर एका ठेवीदाराने ब्लॉकचेनवरूनच हल्लेखोराला लिहिलं : ही माझी आयुष्यभराची पुंजी आहे, परत करा. हल्लेखोराने त्याला 100 इथर, म्हणजे एथेरियमची नाणी, पाठवले. ते पाहून आणखी लोकांनी लिहायला सुरुवात केली. दिवसभर संदेश येत राहिले.

पुढे हल्लेखोराने माफी मागितली आणि रक्कम टप्प्याटप्प्याने परत केली. 4 एप्रिलला ऑयलरने जाहीर केलं, की वसूल होण्याजोगं सगळं आलं आहे. त्या ठेवीदारांनी तीन आठवडे वाट पाहिली होती.