सिग्नल, नाश्ता आणि बीजगणित

(नागपुरातील एका व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेवर छापलेला विषय बराच भारदस्त आहे : ‘अमेरिकेतील कृष्णवर्णीय युवकांच्या संधी आणि वस्तीपातळीवरील संघटन’. संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो, ‘सिग्नल’. त्यांना वाटलं, माझं नेटवर्क गेलं. (हशा)

तर सिग्नलच. कॅलिफोर्नियातलं ओकलंड, सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीपलीकडे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या गोद्यांमध्ये काम मिळायचं, म्हणून दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबं तिथे आली. युद्ध संपलं, कामं गेली, माणसं राहिली. त्या शहरात पंचावन्नावा रस्ता आणि मार्केट स्ट्रीट मिळतात तो एक चौक आहे. जवळच शाळा. गाड्या भरधाव, सिग्नल नाही, आणि मुलं गाड्यांखाली येत होती. लोकांनी नगरपालिकेकडे सिग्नल मागितला. त्यावर नगरपालिका काय म्हणते, हे नागपूरकरांना मी काय सांगू?

1966 च्या ऑक्टोबरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील या दोघांनी कृष्णवर्णीयांची ब्लॅक पँथर पार्टी काढली. सील तेव्हा सरकारी पैशावर चालणाऱ्या दारिद्र्यनिर्मूलन केंद्रात तरुण पोरांचं काम बघायचा. पार्टीचा दहा कलमी जाहीरनामा त्यांनी त्याच केंद्रात बसून लिहिला. सरकारी टेबलाचा एवढा चांगला उपयोग माझ्या तरी पाहण्यात नाही. तर ही पार्टीची पोरं त्या चौकात जाऊन उभी राहिली. गाड्या थांबवायच्या, मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा. 1967 मध्ये सिग्नल बसला.

आता पँथर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळं जाकीट आणि बंदूक. ते होतंच, मी नाकारत नाही. 1972 साली मुंबईत दलित पँथर निघाली ती तिकडचंच नाव घेऊन. ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, हे या सभागृहाला सांगणं म्हणजे उद्धटपणा होईल. पण माझी एक जुनी तक्रार आहे. नाव आलं, आवेश आला, कविता तर आलीच आली. स्वयंपाकघर मात्र ओकलंडलाच राहिलं. पुढच्या रांगेत त्या काळातली काही मंडळी दिसताहेत, तेव्हा परत जाताना मला कोणीतरी स्टँडपर्यंत सोबत करा. (हशा) गावोगावी अत्याचार चालले असताना अंडी उकडायला वेळ कोणाला होता, हे मलाही कळतं.

ते स्वयंपाकघर असं. जानेवारी 1969, ओकलंडचं सेंट ऑगस्टीन चर्च. फादर अर्ल नील यांनी जागा दिली, रूथ बेकफर्ड या नृत्यशिक्षिकेनं घडी बसवून दिली. शाळेआधी मुलांना फुकट नाश्ता. पहिल्या दिवशी 11 मुलं आली, आठवडा संपेपर्यंत 135. वर्षअखेर 19 शहरांत मिळून 20,000 मुलं नाश्ता करत होती, असा आकडा दिला जातो. वीस-बावीस वर्षांचे कार्यकर्ते पहाटे उठायचे, दुकानदारांकडून अंडी-दूध मागून आणायचे, आहारतज्ज्ञांना विचारून बेत ठरवायचे. क्रांतीसाठी आलेल्या पोराला सकाळी सहाला दूध तापवायला लावणं, याला मी संघटनकौशल्य म्हणतो.

याची किंमत सगळ्यात आधी कोणाला कळली? एफबीआयच्या प्रमुखाला, एडगर हूवरला. मे 1969 मध्ये त्यानं आपल्या कचेऱ्यांना लिहिलं की पार्टीला संपवण्याच्या आड येणारा सगळ्यात मोठा संभाव्य धोका म्हणजे हा नाश्ता. बंदूक नाही, नाश्ता! कारण बंदूकवाल्याला वस्ती घाबरते, पण रोज सकाळी पोराला जेवू घालणाऱ्याच्या मागे त्या पोराची आई उभी राहते.

इथे मला आपल्याकडच्या वह्यावाटपाबद्दल बोलायचंय. आजच्या कार्यक्रमाआधीही झालं म्हणे. माफ करा, पण बोलणार. एका मंडळाच्या वह्यावाटपाला मी गेलो होतो. पाहुणे दीड तास उशिरा. मुलं उन्हात. वहीच्या पुढच्या पुठ्ठ्यावर देणगीदाराचा फोटो, मागच्यावर त्याच्या साहेबांचा. मुलानं पाढे लिहायचे ते या दोघांच्या मधे. सातवी-आठवीतली एक मुलगी पाहुण्यांना म्हणाली, ‘सर, आमच्या शाळेत गणिताला शिक्षक नाहीत. ते कुठं मागायचं?’ पाहुणे गोंधळले. मग त्यांनी तिला आणखी एक वही दिली. टाळ्या झाल्या! मी विनोद करत नाहीये, खरंच झाल्या.

ओकलंडच्या नाश्त्यातही वाटपच होतं, असं कोणी म्हणेल. पण तिथे वाटणारे वस्तीतले होते, उद्या पुन्हा येणार होते, आणि मुलं उपाशी शाळेत का जातात हा प्रश्न सरकारच्या दारात नेऊन ठेवत होते. सरकारची शाळेतल्या नाश्त्याची योजना 1966 पासून प्रायोगिक होती, ती 1975 साली कायम झाली. सगळं श्रेय पँथरचं नाही. पण फुकट नाश्ता शक्य आहे हे शहराशहरांत लोकांनी पाहिलेलं होतं.

शिकागोजवळच्या मेवूडमधला फ्रेड हॅम्प्टन. पँथर होण्याआधी हा पोरगा एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेची युवक शाखा चालवायचा आणि त्याची मागणी काय, तर पोहण्याचा तलाव. महाडचं चवदार तळं माहीत असलेल्या सभागृहात, तलावाचा आणि संधीचा काय संबंध, असं मला कोणी विचारणार नाही. 4 डिसेंबर 1969 च्या पहाटे पोलिसांनी त्याला घरात गोळ्या घातल्या. वय 21. आज मेवूडच्या जलतरण केंद्राला त्याचं नाव आहे.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. प्रास्ताविक अर्धा तास चाललं तेव्हा ही चिठ्ठी कुठे होती? असो. खरा विषय आता पळत पळत.

एला बेकर, नागरी हक्क चळवळीतल्या ज्येष्ठ कार्यकर्त्या. एप्रिल 1960, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेचं शॉ विद्यापीठ. गोऱ्यांच्या उपाहारगृहांत ठाण मांडून बसलेली पोरं एकत्र आलेली. ज्येष्ठ नेत्यांना ती आपली युवक आघाडी म्हणून हवी होती. बाई म्हणाल्या, पोरांना त्यांचं स्वतंत्र काढू द्या. त्यातून एसएनसीसी ही विद्यार्थ्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. आपल्याकडे युवक आघाडीचा अध्यक्ष पंचेचाळीसचा असतो, एवढंच बोलून पुढे जातो.

त्याच एसएनसीसीचा बॉब मोझेस. न्यूयॉर्कच्या हार्लेमचा, गणिताचा मास्तर. मिसिसिपीत मार खाऊन कृष्णवर्णीय मतदार नोंदवले. 1982 साली अमेरिकेतल्याच केंब्रिजमध्ये, मुलीच्या शाळेत त्याच्या लक्षात आलं की आठवीपर्यंत बीजगणित न मिळालेलं पोर कॉलेजच्या वाटेवरून तिथेच गळतं, आणि गळणारी पोरं बहुतेक कृष्णवर्णीय आणि गरीब. मग त्यानं मुलांना मेट्रोत बसवलं. स्टेशनं मोजा, कुठून निघालात, कोणत्या दिशेला गेलात; यातून धन आणि ऋण संख्या. पण नुसतं शिकवून तो थांबला नाही. ‘बीजगणित सगळ्यांना हवं’ ही मागणी त्यानं पालकांकडून करवून घेतली. वहीवाली मुलगी आठवा.

तिसरं, दक्षिण लॉस एंजेलिस. 1990, कॅरन बास यांनी काढलेली कम्युनिटी कोअलिशन ही वस्तीतली संघटना. दारोदार जाऊन विचारलं, सगळ्यात मोठा त्रास कशाचा? अपेक्षा होती अमली पदार्थांचे अड्डे. लोक म्हणाले, दारूची दुकानं. गडचिरोलीची मंडळी हसताहेत! 1992 च्या दंगलीत दुकानं जळाली. संघटनेनं त्यातली अनेक पुन्हा उघडू दिली नाहीत. पुढे त्यांच्याच शाळकरी मुलांनी विचारलं की विद्यापीठप्रवेशाला लागणारे विषय आमच्या शाळांत सगळ्यांना का मिळत नाहीत. इतर संघटना सोबत आल्या, आणि जून 2005 मध्ये शहराच्या शाळा मंडळाला ते विषय सर्वांसाठी ठेवण्याचा ठराव करावा लागला. बास 2022 मध्ये महापौर झाल्या. ठरावानं सगळी मुलं पास झाली का? नाही. त्यासाठी पुन्हा शिक्षक मागावे लागले.

सिकलसेल, तो रक्ताचा आनुवंशिक आजार, राहिलंच. विदर्भात येऊन तेच राहावं! पँथरनी 1971 पासून वस्त्यांत फुकट तपासण्या सुरू केल्या, 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनला त्या आजारावर कायदा करावा लागला. आपल्या मेळघाट-गडचिरोलीतल्या तपासण्यांशी त्याचं काय नातं जोडता येईल, यावर माझ्याकडे टिपणं आहेत. ज्यांना हवीत त्यांनी चहाच्या टेबलापाशी या. माईक घ्या, अध्यक्ष महोदय.