रूम बघायला जाताय? आधी जिना बघा

नमस्कार मंडळी. अॅडमिशन झाली की घरात लगेच पुढचा प्रश्न, राहायचं कुठे? आणि मग सगळ्यांचं डोकं त्या रूमभोवतीच फिरायला लागतं, केवढी आहे, बाथरूम आतच आहे का, वायफाय चालतं का, कॉलेज किती लांब. हे बघायलाच पाहिजे, नाही असं नाही. पण माझं आज एवढंच म्हणणं आहे की रूमच्या बाहेर काय आहे ते रूमपेक्षाही नीट बघा. जिना कुठे, किचन किती जणांत, पाणी भरायला कुठे जावं लागतं, येता-जाता कोण दिसणार. कारण तुमचे मित्र कोण होणार हे बऱ्यापैकी तिथेच ठरतं.

हे मी हवेत बोलत नाहीये. अमेरिकेत एमआयटीमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत होती. कोणाच्या शेजारी राहायचं हे तिथे कोणी निवडलेलं नव्हतं, जे घर रिकामं झालं ते मिळालं. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या संशोधकांनी तिथल्या लोकांना विचारलं की तुमचं येणं-जाणं कोणाकडे जास्त, आणि १९५० मध्ये ते छापलं. अगदी बाजूचं दार असेल तर शंभरातल्या ४१ वेळा मैत्री, एक दार सोडून असेल तर २२, आणि त्याच मजल्याची दोन टोकं असतील तर फक्त १०. किती पावलांचा फरक असेल हो तो! आणि जे जिन्याच्या पायथ्याशी राहायचे त्यांच्या वरच्या मजल्यावर ओळखी जास्त, कारण वरची माणसं रोज त्यांच्या दारावरूनच जायची. मुद्दाम कोणी काही केलेलं नव्हतं, नुसतं रोज समोर येणं.

म्हणूनच मला वाटतं की पहिलं वर्ष तरी शक्य असेल तर होस्टेलमध्ये काढावं, भले रूम लहान असो. एकट्याचा स्टुडिओ फ्लॅट छान दिसतो, पण नवीन गावात दार लावलं की लावलं, मग दोन-दोन दिवस कोणाशी बोलणंच होत नाही आणि हे घरी फोनवर कोणी सांगत पण नाही. कोपनहेगनमध्ये टीटगेन म्हणून एक गोल होस्टेल आहे, ३६० खोल्या आहेत आणि दर बारा खोल्यांत एक किचन. खोल्यांच्या खिडक्या बाहेरच्या बाजूला आणि किचन, कॉमन रूम सगळं आतल्या अंगणाकडे, म्हणजे समोरच्या किचनमध्ये कोण आहे ते दिसतं आणि एकटं बसायचं असेल तर खोलीत पाठ फिरवून बसता येतं. मला हे दोन्ही लागतं असं वाटतं. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विद्यापीठात उलटं करायचं घाटत होतं, साडेचार हजार मुलांची एकच इमारत आणि बहुतेक खोल्यांना खिडकीच नाही, का तर मुलं बाहेर येऊन मिसळतील. डिझाइन तपासणाऱ्या समितीतल्या एका आर्किटेक्टने त्यावर राजीनामा दिला, खूप विरोध झाला आणि २०२३ मध्ये तो प्लॅन सोडून दिला गेला, बरं झालं. माणसाचा उजेड काढून घेऊन मैत्री होत नाही.

आता रूममेट. आईवडील म्हणतात ओळखीचाच हवा. मी म्हणेन अनोळखी असला तरी घाबरू नका, पण पहिल्या आठवड्यातच बसून बोला. होतं काय, रात्री एक वाजता एकाचा टेबल लॅम्प चालू, दुसरा भिंतीकडे तोंड करून पडलेला, झोप लागत नाही पण बोलायचं कसं म्हणून गप्प. मग पंधरा दिवसांनी नुसती खुर्ची सरकल्याचा आवाज आला तरी राग येतो. झोपायची वेळ, अलार्म किती वेळा वाजू द्यायचा, पाहुणे कधी, झाडू कोणी मारायचा, हे चार प्रश्न तेव्हाच विचारले की विषय संपतो. आणि रूममेटचा अभ्यासावर परिणाम होतोच बरं का. ब्रूस सॅसरडोट या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात, जिथे रूममेट चिठ्ठी काढल्यासारखे ठरायचे, तिथे हे तपासलं आणि २००१ मध्ये मांडलं, मार्कांवर परिणाम दिसला, कोणत्या ग्रुपात जायचं यावर पण दिसला, मुख्य विषय कोणता घ्यायचा यावर मात्र नाही.

दुसऱ्या वर्षी चार जण मिळून फ्लॅट घेत असाल तर भाडेकरार सगळ्यांनी स्वतः वाचा. मधेच एक जण सोडून गेला तर त्याचा वाटा कोण भरणार हे आधीच लिहून ठेवा, मैत्री आहे म्हणून लिहायचं टाळू नका, मैत्री आहे म्हणूनच लिहा. राहायला गेल्या दिवशी भिंती, नळ, फर्निचरचे फोटो काढून घरमालकाला पाठवा, डिपॉझिट परत घेताना लागतात.

घरून ये-जा करणाऱ्यांची काळजी तर मला सगळ्यात जास्त वाटते, कारण लेक्चर संपलं की ते पळतात आणि गप्पा नेमक्या त्यानंतर रंगतात. आठवड्यातून दोन दिवस तरी उशिराची गाडी पकडा, लायब्ररीत एकाच ठरलेल्या टेबलावर बसा, म्हणजे तेच-तेच चेहरे दिसतील.

आणि रूम बघायला जाल ना, तर सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळे कॉलेजात असतात. संध्याकाळी जा, कॉरिडॉरमध्ये जो भेटेल त्याला विचारा, इथे रात्री कोणी आजारी पडलं तर उठवायचं कोणाला? रेक्टरचा नंबर सांगतील, तो घ्याच, पण त्यासोबत शेजारच्या खोलीतल्या कोणाचं नाव पण येतं का ते ऐका, आणि मगच डिपॉझिट भरा.