दाढ काढण्याआधीचा रक्ताचा रिपोर्ट

नमस्कार श्रोतेहो. दाढ काढायचं ठरलं की आम्ही रक्त तपासून आणायला सांगतो. रिपोर्ट आमच्यापर्यंत पोचतो तोवर ठळक छापलेल्या प्रत्येक आकड्यावर घरच्यांनी बोट ठेवून झालेलं असतं.

प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, साधारण दीड ते साडेचार लाख असतात. १ लाख ४० हजार आल्या म्हणून दाढ अडत नाही. नुकताच डेंग्यू होऊन गेलाय आणि आकडा ५० हजारांखाली आहे, तर मात्र आम्ही थांबतो.

हृदयाची झडप बदललेल्यांना रक्त पातळ करायची गोळी असते. त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, बघायचा. एरवी तो १ च्या आसपास. गोळीवर बहुधा २ ते ३ ठेवतात. रिपोर्टवर ‘जास्त’ छापून येणारच, गोळीचं कामच ते! एवढ्यावर दाढ सहसा काढता येते, टाका घालून, गॉज दाबून. घाबरून गोळी परस्पर बंद करू नका. झडपेवर गुठळी झाली तर जिवावर बेतेल. ॲस्पिरिनचं निराळंच. प्लेटलेटची संख्या तेवढीच राहते, त्यांचं एकमेकींना चिकटणं कमी होतं. रिपोर्ट छान दिसतो आणि रक्त थांबायला वेळ लागतो. म्हणून गोळ्यांचं पाकीट सोबत आणा.

आता आपल्या विदर्भाचं दुखणं, सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार. ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे आजार. दाताशी काय संबंध, म्हणून पुष्कळ जण ते सांगतच नाहीत. एसएस असलेल्याच्या अंगात पाणी कमी पडलं किंवा दाताचा संसर्ग पसरला, तर हाडं-सांधे असह्य दुखण्याचा झटका येऊ शकतो. नागपूरचा मे महिना, त्यात दाढदुखीनं पाणीही नीट न प्यालेला पेशंट. आम्हाला त्याचीच धास्ती.

शिवाय तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी इथे फसवते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांच्यावर चढलेल्या साखरेवरून सरासरी काढतात. एसएसमध्ये त्या १०-२० दिवसांतच मोडतात, साखर चढायला सवडच मिळत नाही. खरी साखर जास्त असली तरी आकडा ६ येतो, पेशंट खूश. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच बघावी लागते.

तेव्हा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जा की धंतोलीतल्या खासगी दवाखान्यात, सिकलसेलचं कार्ड फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. आणि हो, उपाशीपोटी द्यायचं ते रक्त. नुसती जागा बधिर करून दाढ काढायची असेल तर खाऊन या, साखरेची गोळी घेणाऱ्यांनी तर नक्कीच. पोहे चालतील, तर्री जरा बेतानं.