मास्कमधली फायनल

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मेंदूत गाठ निघालेल्या, नुकती मिसरूड फुटू लागलेल्या मुलांविषयी आणि त्यांच्याच वयाच्या मुलींविषयी. त्यांच्या रेडिओथेरपीविषयी, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘लाईट देणं’ म्हणतात त्याविषयी. कोल्हापुरात अशा मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हेच माझं रोजचं काम.

लाईट घेताना दुखत नाही. पुन्हा सांगते, दुखत नाही. मुलं घाबरतात ती मास्कला. जाळीदार प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवतात, काही मिनिटांत ती टणक होते. मग दर वेळी तो मास्क चढवून टेबलाला अडकवतात, कारण डोकं दोन-तीन मिलिमीटरही हलून चालत नाही. बहुतेकदा आठवड्यातले ५ दिवस, साधारण ६ आठवडे.

आता एका पोराची गोष्ट ऐका. पेठेतला, तालमीच्या संघाचा गोलकीपर, दहावीत. पहिल्याच दिवशी मास्क लावला आणि ह्यानं पाय झाडायला सुरुवात केली. बाहेर येऊन म्हणाला, “मी परत आत जाणार न्हाई.” आईच्या डोळ्याला पदर. मामा म्हणाले, “अरे, वाघ आहेस तू!” हे वाघ-बिघ म्हणणं मला मुळीच पटत नाही. पोराला मग भीती वाटतेय हेसुद्धा बोलता येत नाही.

मी सगळ्यांना चहाला पाठवलं आणि त्याला विचारलं, नेमकं काय नको वाटतंय? म्हणाला, “तोंड उघडता येत न्हाई. ओरडलो तर कुणाला कळणार?” बाहेर कॅमेऱ्यावर माणसं सतत त्याच्याकडेच बघत असतात, आणि त्यानं हात वर केला की मशीन थांबवतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळी माहिती आईवडिलांना दिलेली. टेक्निशियन दादांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, मशीन बंदच ठेवून स्वतः टेबलावर आडवे झाले आणि हात वर केला. पोरगं स्क्रीनकडे बघत राहिलं. मग म्हणालं, “दादा, आत गाणी लावता?”

“लावतो की. कुठलं लावू?”

“गाणं नको. मॅच लावा.”

त्याच्या दोस्ताला शाहू स्टेडियमवरच्या कॉमेंट्रीची हुबेहूब नक्कल यायची. त्यानं रात्री मोबाईलवर एक फायनल रेकॉर्ड करून पाठवली. सगळी मनानं रचलेली, आणि गोलमध्ये हाच उभा! दुसऱ्या दिवशी मास्क लागला, दार बंद झालं, स्पीकर सुरू झाला: “डाव्या बगलेनं चेंडू आत... फटका... आणि अडवला! काय अडवलाय भावा, काटा किर्र!” मशीन डोक्याभोवती फिरलं, पोरगं तसूभर हललं नाही. लाईट संपला तेव्हा मॅच अर्धवट. बाहेर येऊन पहिला प्रश्न, “कॉर्नरचं काय झालं?”

दोस्त रोज रात्री पुढचा भाग पाठवायचा. शनिवार-रविवार मशीनला सुट्टी, तशी कॉमेंट्रीलाही. तिसऱ्या आठवड्यात केस गळाले, तर त्याच रात्री कॉमेंट्रीतला गोलकीपर टोपी घालून उतरला. शेवटच्या दिवशी पेनल्टी शूटआऊट, आणि कंट्रोल रूममध्ये सगळे कान लावून उभे! अशा पोरांना आपल्या शहरात सरावाला धड मैदान मिळत नाही, ह्याची मला फार चीड येते.

असो. वेळ कमी आहे. लाईट घेताना मिटल्या डोळ्यांनाही निळसर उजेड दिसला, विचित्र वास आला असं मूल म्हणालं, तर भास म्हणून उडवून लावू नका. पुष्कळांना तसं होतं. बाहेरून दिलेला लाईट अंगात राहत नाही, म्हणून मुलाचं ताट-अंथरूण वेगळं करू नका. उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी फार सुस्ती येऊ शकते. तो आळस नाही. घरच्यांनो, आळस नाही. दहावी पुढच्या वर्षी देता येते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाकडे, करा.

आणि नंतरच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालतात, त्या चुकवू नका. लाईटचा मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाढ सांभाळणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीवर परिणाम झाला तर उंची, पाळी, थायरॉईडच्या तक्रारी उशिरानं दिसतात. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी काही विचारलं, तर आधी मुलाला बोलू द्या, तुम्ही नंतर बोला. नमस्कार.