जुन्या लॅपटॉपसाठी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

(दृश्य : विंडोज १० चा पडदा, कोपऱ्यात तारीख आणि वेळ.)

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सेवा बंद केली. त्यामुळे कोणताही लॅपटॉप बंद पडला नाही. आदल्या दिवशी जी कामे होत होती, ती दुसऱ्या दिवशीही तशीच होत राहिली. थांबल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, आणि त्यांचे थांबणे डोळ्यांना दिसत नसल्यामुळे ते अधिक काळजीचे आहे. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत या दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवण्यात आली. मात्र त्यानंतर काय करायचे, हा प्रश्न त्या मुदतवाढीने सुटत नाही.

विंडोज ११ कडे जाण्याचा मार्ग अनेक जुन्या यंत्रांना बंद आहे. तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टीम अस्सल आहे का हे तपासणारी सोय) आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलच्या प्रोसेसरांपैकी, मोजके अपवाद सोडल्यास, २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत आहेत. म्हणजे २०१६ साली चांगला मानला गेलेला, आजही ठणठणीत असलेला लॅपटॉप या यादीबाहेर राहतो. या अटी चुकवून ती इन्स्टॉल करण्याच्या युक्त्या आहेत. परंतु अशा यंत्रांना अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२ या आवृत्तीपासून तर फार जुन्या प्रोसेसरांवर ती सुरूच होत नाही. ज्या दुरुस्त्यांसाठी हा खटाटोप करायचा, त्यांचीच खात्री नसेल तर हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

मग लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी घालता येणाऱ्या मोफत सिस्टीमचा, विचार सुरू होतो, आणि त्याबरोबर बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो : सर्वांत हलकी सिस्टीम कोणती? त्याआधी विचारायला हवेत असे दोन प्रश्न आहेत. आपला लॅपटॉप नेमका कुठे अडतो? आणि निवडलेल्या सिस्टीमला सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी किती वर्षे मिळणार आहेत?

(दृश्य : लॅपटॉपचे खालचे झाकण उघडलेले, हार्ड डिस्क, रॅमची पट्टी आणि पंखा जवळून.)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार वेळा हार्ड डिस्कच्या या चौकोनी पेटीत असते. लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेते, आणि तिच्यावर इकडेतिकडे विखुरलेली माहिती शोधताना वाचणाऱ्या टोकाला दर वेळी जागा बदलावी लागते. त्यामुळे अशी विखुरलेली वाचने सेकंदाला शंभराच्या आसपासच होतात. एसएसडीमध्ये तबकडी नसते, माहिती चिपांवर साठवलेली असते; साध्या एसएसडीवरही ही वाचने हजारोंच्या घरात जातात. सुरू व्हायला पाच मिनिटे घेणारा लॅपटॉप प्रोसेसरमुळे मंद आहे असे आपण समजतो, आणि प्रत्यक्षात प्रोसेसर बहुतेक वेळ डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत असतो. ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्याने हा त्रास कमी होतो, संपत नाही. डिस्क बदलता येण्यासारखी असेल तर एसएसडी आधी बसवावी आणि नवी सिस्टीम तिच्यावरच घालावी. काही स्वस्त लॅपटॉपांत साठवणीची ३२ जीबीची ईएमएमसी चिप बोर्डावरच जोडलेली असते. तिथे हा उपाय चालत नाही, आणि कमी जागा घेणारी सिस्टीम निवडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

रॅमचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. रॅम पुरत असते तोपर्यंत तिच्या कमी-अधिक असण्याने वेगात विशेष फरक पडत नाही. ती अपुरी पडू लागली की सिस्टीम काही भाग डिस्कवर हलवू लागते, आणि तेथून पुढे प्रत्येक क्लिकला थांबावे लागते. ४ जीबी रॅमवर आज सांभाळून काम करता येते. २ जीबीवर एका वेळी एकच काम, तेही ब्राउझरचे मोजकेच टॅब उघडे ठेवून. लिनक्समध्ये झेडरॅम नावाची सोय आहे. ती क्वचित लागणारा मजकूर डिस्कवर पाठवण्याऐवजी रॅममध्येच आकुंचित करून ठेवते. प्रोसेसरला त्यासाठी थोडे जास्त काम करावे लागते, पण हार्ड डिस्कच्या तुलनेत हा व्यवहार निश्चित फायद्याचा ठरतो.

प्रोसेसरबाबत सर्वप्रथम एकच गोष्ट तपासावी : तो ६४-बिट आहे की ३२-बिट. एएमडीने ६४-बिट प्रोसेसर २००३ मध्ये आणले, तरी २००८ च्या सुमारास छोट्या नेटबुकांमध्ये बसवलेला इंटेल ॲटम एन२७० हा ३२-बिटच होता. त्यानंतरच्या काही ॲटम यंत्रांत आणखी एक अडचण आढळते. प्रोसेसर ६४-बिट, पण त्याला सुरू करणारे फर्मवेअर (यंत्रातच भरून दिलेला प्रोग्रॅम) मात्र ३२-बिट, त्यामुळे व्यवस्थित तयार केलेला पेनड्राइव्हसुद्धा यंत्राला दिसत नाही, आणि माणूस पेनड्राइव्हच खराब झाला असे समजून बसतो.

३२-बिट यंत्रांचे आधार एकामागून एक निघून गेले आहेत. लिनक्सवरील ३२-बिट क्रोम २०१६ मध्येच बंद झाला. लुबुंटू या लिनक्सच्या हलक्या प्रकाराने १८.१० नंतर ३२-बिट आवृत्ती काढली नाही. डेबियन हा लिनक्सचा आणखी एक प्रकार; ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही, आणि फायरफॉक्सनेही लिनक्सवरील ३२-बिट आवृत्ती त्याच वर्षी थांबवली. डेबियन १२ ला दीर्घकालीन सेवेतून जून २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, त्यामुळे अशा यंत्रावर लेखन, संगीत, जुनी कागदपत्रे वाचणे ही कामे आणखी काही काळ निर्धास्तपणे होऊ शकतात. बँकेचे व्यवहार मात्र त्यावरून करू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन.

(दृश्य : एकाच लॅपटॉपवर एकामागून एक तीन वेगवेगळे डेस्कटॉप.)

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेले लिनक्स हे मूळ गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे नाव. त्या गाभ्याभोवती प्रोग्रॅम जमवून, तपासून, अपडेटची व्यवस्था लावून जो संच तयार होतो त्याला डिस्ट्रो म्हणतात. आणि पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, पट्ट्या आणि मेनू हे डेस्कटॉपचे काम असते. जुन्या यंत्रावर भार पडतो तो मुख्यतः या डेस्कटॉपचा. एकच डेबियन ग्नोम या डेस्कटॉपसह जड वाटते आणि एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपांसह बरीच मोकळी होते. म्हणून डिस्ट्रोचे नाव ठरवण्याआधी डेस्कटॉप ठरवावा. एक्सएफसीईची सुरुवात १९९६ मधली आहे, आणि तिच्यात आपल्या मर्जीप्रमाणे बदल करण्यास भरपूर वाव आहे. एलएक्सक्यूटी तिच्याहून किंचित हलकी, पण दिसायला अधिक साधी.

सुरू केल्याबरोबर कोणती सिस्टीम किती रॅम घेते, याच्या तुलना फार आवडीने केल्या जातात. त्यांना अवास्तव महत्त्व मिळाले आहे असे मला वाटते. दोन हलक्या डेस्कटॉपांमधील फरक काहीशे एमबीचा असतो, आणि आजच्या संकेतस्थळांचे चार-पाच टॅब उघडले की तो फरक त्यात बुडून जातो. वजन ब्राउझरचे आहे, आणि ते प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमवर जवळपास तेवढेच राहते. ब्राउझरला जाहिराती अडवणारे एक्सटेंशन, म्हणजे छोटी जोड, बसवले, तर यातील बराच भार उतरतो. व्हिडिओचेही असेच आहे. यूट्यूब अनेकदा व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने आकुंचित केलेला व्हिडिओ पाठवते. जुन्या ग्राफिक्स चिपला तो स्वतः उलगडता येत नाही, मग सगळे काम प्रोसेसरवर येते, पंखा घोंघावू लागतो आणि चित्र अडखळते. याच व्हिडिओची एच.२६४ या जुन्या पद्धतीची आवृत्ती मागवणारे छोटे एक्सटेंशन मिळते. ते घातल्यावर तोच लॅपटॉप तोच व्हिडिओ बहुधा सुरळीत दाखवतो.

आता प्रत्यक्ष निवड. ४ जीबी किंवा अधिक रॅम, ६४-बिट प्रोसेसर आणि विंडोजची सवय असलेला वापरकर्ता, असे असेल तर माझी पहिली पसंती लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीला आहे. तिचे मेनू ओळखीचे वाटतात, अपडेटची खिडकी सामान्य माणसाला समजेल अशी आहे, आणि प्रत्येक मुख्य आवृत्तीला साधारण पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. मिंट २२ साठी ही मुदत २०२९ पर्यंतची आहे. लुबुंटू हलकी आणि नीटनेटकी आहे, पण तिच्या दीर्घकालीन आवृत्तीची मुदत तीन वर्षांची असते, आणि हा फरक निवडीच्या वेळी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. थोडे वाचून समजून घेण्याची तयारी असलेल्याने थेट डेबियन घ्यावी. ती संथपणे बदलते, आणि जुन्या यंत्राला हा संथपणा मानवतो.

२ जीबी किंवा त्याहूनही कमी रॅमसाठी अँटीएक्स आहे. ती पूर्ण डेस्कटॉपऐवजी केवळ खिडक्या सांभाळणारा लहान प्रोग्रॅम वापरते. पपी लिनक्स संपूर्णपणे रॅममध्ये उतरून चालते, आणि टायनी कोअरचा डेस्कटॉपसह आकार शंभर एमबीहून बराच कमी आहे. या दोघी तंत्राच्या अभ्यासकाला आनंद देतात. रोजच्या कामासाठी त्या घरातल्या इतरांच्या हाती मी देणार नाही.

गुगलची क्रोमओएस फ्लेक्स २०२२ मध्ये आली. तिला ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा पुरते, आणि ज्यांचे सर्व काम ब्राउझरमध्येच होते त्यांच्यासाठी ती सांभाळायला सर्वांत सोपी आहे. तिच्यात प्ले स्टोअरवरील ॲप चालत नाहीत, आणि गुगलने तपासलेल्या लॅपटॉपांची यादी असून त्यातील प्रत्येक मॉडेलपुढे सेवा कधी संपणार तेही दिलेले असते. आपले मॉडेल त्या यादीत पाहिल्याशिवाय ती घालू नये.

काही कामे विंडोजशी बांधलेली असतात : विशिष्ट हिशेबाचा प्रोग्रॅम, जुना स्कॅनर, डिजिटल सहीसाठीचा यूएसबी टोकन. वाइन या प्रोग्रॅमच्या साहाय्याने विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात, पण ज्यावर उपजीविका अवलंबून आहे तो प्रोग्रॅम चालेलच असे गृहीत धरू नये. त्याची आधी चाचणी घ्यावी, आणि तो चालत नसेल तर ते काम नव्या यंत्रावर न्यावे.

(दृश्य : पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला जातो, सुरुवातीचा मेनू.)

लिनक्सचा मोठा गुण असा की इन्स्टॉल न करता ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. या चाचणीत वेगावरून मत बनवू नये, कारण पेनड्राइव्ह मुळातच मंद असतो. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, कॅमेरा दिसतो का, आणि देवनागरीत टंकलेखन जमते का, हे पाहावे. झाकणाची चाचणी बहुतेक जण विसरतात, आणि पुढे रोज तिचाच त्रास होतो. वाय-फायच्या तक्रारी विशेषतः काही ब्रॉडकॉम चिपांच्या बाबतीत येतात, कारण त्यांना वेगळे फर्मवेअर लागते. डेबियनने १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच समाविष्ट केल्यामुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे.

चाचणी समाधानकारक झाली, तर इन्स्टॉल करण्याआधी सर्व फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) सुरू असेल, तर त्याची ‘रिकव्हरी की’, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, लिहून ठेवावा. त्यानंतर इन्स्टॉलर ज्या पानावर संपूर्ण डिस्क पुसण्याची परवानगी मागतो, तेथे डिस्कचे नाव आणि आकार पुन्हा एकदा वाचावा. यंत्राला पेनड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क दोन्ही जोडलेल्या असताना सर्वाधिक नुकसान याच पानावर होते. पहिल्यांदा सुरू झाल्यावर आधी सर्व अपडेट घ्यावेत, झेडरॅम सुरू करावे, आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप येतील अशी व्यवस्था करून मगच लॅपटॉप कामाला लावावा.