बिऱ्हाडकरू ग्रंथालय

मित्रहो, पणजीच्या जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीचा इतिहास सांगण्यासाठी आपण मला फोंड्यातच पकडले, हे बरे झाले. मात्र ‘ग्रंथालयाची इमारत’ या शब्दांनाच माझा आक्षेप आहे. आझाद मैदानाजवळची ती वास्तू मुळात सैन्याची बराक, आणि आपले ग्रंथालय तिथे केवळ बिऱ्हाडकरू होते.

हे मला कळले ते चपलांमुळे. १९९० साली अकरावीत असताना मी प्रथमच तिथे गेलो. प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या आझुलेजो (चित्रित पोर्तुगीज) फरशांत पोर्तुगीज कवी कामोंइशच्या सागरसफरीच्या महाकाव्यातील प्रसंग रंगवलेले आहेत. एवढ्या नटलेल्या भिंती मी तोवर देवळातच पाहिल्या असल्यामुळे सवयीने चपला दाराबाहेर काढल्या, तासभर ती जहाजे न्याहाळली, मग मराठी पुस्तकांत रमलो आणि बाहेर आलो तेव्हा चपला नाहीशा झाल्या होत्या. रखवालदार हसून म्हणाला, “बाबा, हें देऊळ न्हय.” (आता हसणाऱ्यांपैकी कोणाला त्या चपलांचा ठावठिकाणा ठाऊक असल्यास त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे.) तापलेल्या डांबरावरून, ओरेंच्या खाडीवरील पूल ओलांडून मी अनवाणी पाटोच्या बसस्थानकाकडे निघालो, तेव्हा पुस्तकांच्या घरात जहाजांचे काय काम, हा प्रश्न पायांइतकाच मलाही चटके देत होता. उत्तर पुढे सापडले: ती जहाजे घरमालकाची होती. १८७१ मध्ये वास्को द गामाच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेत १९२५ साली ग्रंथालय विलीन झाले आणि १९३५ मध्ये जॉर्ज कोलासो यांनी त्या फरशा घडवल्या.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा ज्यासाठी आपण आलात तो इतिहास घाईनेच सांगतो. १५ सप्टेंबर १८३२ रोजी व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रो यांनी ‘पुब्लिका लिव्रारिया’, म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय, स्थापन केली. १८३५ मध्ये ख्रिस्ती धार्मिक संघ बंद झाल्यावर मठांतील ग्रंथ तिथे आले. १८३६ आणि १८९७ मध्ये नाव बदलले. ‘सार्वजनिक’ या शब्दाला पोर्तुगीज वाचता येण्याची अट मात्र न लिहिताच चिकटलेली होती, म्हणून १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर थोडी मोकळीक मिळताच मराठी वाचकांनी आपापली वाचनमंदिरे उभारली. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, घरमालकाने गोव्यातील राष्ट्रवादी पत्रकार मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव घेतले. फरशा तशाच राहिल्या.

स्वतःच्या घरात ग्रंथालय गेले ते २०११ साली, म्हणजे १७९ वर्षांनी, आणि त्या घराला १५२६ मध्ये मराठीत कृष्णकथा रचणाऱ्या कृष्णदास शामाचे नाव मिळाले. हे घर पाटोला, त्याच बसस्थानकाच्या परिसरात आहे. मी गेलो त्याच वाटेने पुस्तकेही गेली. ती अर्थात गाडीतून गेली.