स्मिर्नाचा व्यापारी ग्रीक भाषेत: सेफेरिस यांनी अनुवादलेले एलियट

नमस्कार. अमेरिकेत जन्मलेल्या एका कवीची कविता ग्रीक वाचकांच्या इतकी जवळची का झाली, याविषयी आज आपण बोलणार आहोत. कवी आहेत सेंट लुईस येथे १८८८ साली जन्मलेले आणि पुढे ब्रिटिश नागरिक झालेले टी. एस. एलियट, कविता आहे ‘द वेस्ट लँड’, आणि तिचा ग्रीक अनुवाद १९३६ साली प्रसिद्ध केला तो ग्रीक कवी जॉर्ज सेफेरिस यांनी.

या कवितेच्या तिसऱ्या भागात युजेनिडीस नावाचा एक व्यापारी येतो. दाढी वाढलेली, खिशात मनुका, आणि गाव स्मिर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर, जिथे तेव्हा ग्रीकांची मोठी वस्ती होती. इंग्रजी वाचक त्याच्यापाशी फारसा रेंगाळत नाही. सेफेरिस यांचा जन्म मात्र १९०० साली त्याच स्मिर्नाच्या परिसरात झाला होता. १९१४ मध्ये त्यांचे कुटुंब अथेन्सला आले, आणि १९२२ च्या सप्टेंबरमध्ये, ते पॅरिसमध्ये शिकत असताना, स्मिर्ना आगीत भस्मसात झाले. ग्रीक-तुर्की युद्धाच्या त्या उलथापालथीत दहा लाखांहून अधिक निर्वासित ग्रीसमध्ये आले. एलियट यांची कविता त्यापूर्वीच लिहून झाली होती, पण ती छापली गेली नेमकी पुढच्याच महिन्यात. त्यामुळे ग्रीक अनुवादात हा व्यापारी जेव्हा बोलू लागतो, तेव्हा तो उरलेल्या नव्हे तर गेलेल्या शहराचा माणूस असतो. मूळ कवितेत नसलेले हे दुःख अनुवादकाने घातलेले नाही, ते वाचकांकडे आधीपासूनच होते, आणि माझ्या मते या अनुवादाचे खरे सामर्थ्य येथेच आहे.

ही कविता एकट्याने मनात वाचण्यापेक्षा सभागृहात मोठ्याने वाचली जावी, असे मला मनापासून वाटते. एलियट यांनी स्वतः तिचे वाचन ध्वनिमुद्रित केलेले आहे, तरीही एका आवाजात ती पुरती मावत नाही: दारूच्या गुत्त्यातील बायकांच्या गप्पा चालू असतात आणि गुत्ता बंद करण्याची वेळ झाल्याची हाळी त्यांना पुन्हा पुन्हा तोडत जाते, म्हणून तेथे निदान दोन वाचक हवेतच. द्विभाषिक वाचनात प्रत्येक भाग आधी इंग्रजीत आणि लगेच ग्रीकमध्ये वाचावा. शेवटी बृहदारण्यकोपनिषदातील ‘दत्त, दयध्वम्, दाम्यत’ (द्या, दया करा, संयम पाळा) येते, तेव्हा मात्र दोन्ही भाषांच्या वाचकांनी ते शब्द एकत्र उच्चारावेत.